आकडा

एकतीस वर्षं आकडा माझ्या हातात होता.
पोत्याच्या कानात घालायचा, ओढायचा, पाठ खाली करायची.
तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट, गाळ्यापासून गाडीपर्यंत.
रिटायर झालो तेव्हा कोपरखैरण्याच्या घरी
दाराआडच्या खिळ्याला अडकवला.
शालन म्हणाली, टाकून द्या. नाही टाकला.

आता दुसराच आकडा.
रोज सकाळी सहाला, ओट्यावरच्या इवल्या काट्यावर :
एकशे बारा. एकशे चार. एकशे एकवीस. अठ्ठ्याण्णव.
किलो नव्हे, ग्रॅम.
एवढं तर पोतं उचलताना खाली सांडायचं.

शेल्टरची मृण्मयी स्कूटीवरून आंब्याची पेटी घेऊन आली.
पेंढ्याच्या जागी फ्लॅनेल, फ्लॅनेलात चार पिल्लं,
डोळे न उघडलेली. आई घणसोलीच्या नाक्यावर टेम्पोखाली गेली.
फॉर्मवर छापलेलं : तात्पुरते पालक.
"पार्टेकाका, आठ आठवडे. मग आम्ही घरं शोधतो."
पोरी, माल कुणाचा हे मी जन्मात विचारलं नाही,
सही कुठं करू ते सांग.

दोन-दोन तासांनी दूध.
रात्री दोनला पूर्वी लासलगावच्या गाड्या लागायच्या,
आता बाटली लागते, मनगटावर थेंब टाकून बघितलेली.
पाजून झालं की ओल्या कापसानं पुसायचं, तेव्हा कुठं मुततात.
हे ऐकून शालन पदरात तोंड घालून हसली,
"पोटच्या पोराचं लंगोट कधी बदललं नाहीत!"
खरंय.
तेव्हा मी गाडीवर असायचो.

नावं ठेवायची नाहीत असं ठरलं.
पोत्याला मार्का असतो, नाव नसतं.
शालननं लोकरीचे दोरे काढले.
तांबडी. हिरवी. निळा.
पांढरा बांधायचा राहिला,
इतकी बारीक मान, तिला धीर होईना.

अठ्ठ्याण्णव.
शहाण्णव.
एक्याण्णव.
वाशीच्या डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं,
गरम पाण्याची बाटली फडक्यात, आणि रात्रभर बनियनच्या आत माझी छाती.
क्विंटलाचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढलेला माणूस मी,
एक्याण्णव ग्रॅमनं
मला मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं.

पहाटे वहीतल्या त्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
शालननं पेन घेतलं, नुसती आडवी रेघ ओढली.
मागच्या करंजाखाली पुरलं.
दोन दिवसांनी बघतो तर खिळ्यावरच्या आकड्याला
पांढरा दोरा गुंडाळलेला.
कुणी, ते विचारलं नाही.

माझ्या मानेखाली घट्टा आहे, पोत्यांनी केलेला.
तिथलं कातडं मेलं, असं कंपनीच्या दवाखान्यात म्हणाले होते.
हिरवी रोज नखांनी चढून तिथंच झोपायची.
मला कळायचं.

आठवा आठवडा.
तांबडी आणि निळा सीवूड्सच्या जोडप्याकडे गेली.
हिरवी ऐरोलीत, एका बाईंकडे, चौथा मजला.
खिडक्यांना जाळी आहे का ते मी आदल्या रविवारी
स्वतः जाऊन, हात लावून, ओढून बघून आलो होतो.
जाताना आकडे सांगितले :
सातशे ऐंशी. आठशे दहा. सातशे चाळीस.
वजनात खोट नाही, असं वर म्हणालो.
सवयीनं.
बाई हसल्या. मला नाही आलं हसू.

गाडी भरून गेली की हमाल काय करतो?
फडकं झटकतो, खांद्यावर टाकतो, तंबाखू मळतो.
माल दुसऱ्याचा, पाठ आपली, एवढंच ते काम.
ते मला येतं असं वाटलं होतं.

आंब्याची पेटी परत द्यायची होती.
ती अजून ओट्याखाली आहे, फ्लॅनेल धुऊन घडी घातलेलं.
मृण्मयी येते, चहा पिते,
पेटीकडे बघते,
मागत नाही.